कोपऱ्यातल्या ताऱ्याची शेपटी

गच्चीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. खाली फर्निचरचं गोदाम, वर ही लांबरुंद गच्ची आणि तिच्या टोकाला भिंतीएवढा पांढरा पडदा. पडद्यासमोर, पण पडद्याकडे पाठ करून, आकाशबाबा बसले होते. अंगात निळा झगा, डोळे मिटलेले, हातात माईक. बाजूला तिवईवर दुर्बीण होती. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला कॅमेरा, कॅमेऱ्याची वायर लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपपुढे एक व्हिडिओवाला. हा गृहस्थ पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा, आता आत्म्यांचं करत होता.

"घे," बाबा म्हणाले.

व्हिडिओवाल्याने बटण दाबलं. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर आकाशाचा एक तुकडा उमटला. तारेच तारे. गच्चीवरून एक मोठा निःश्वास गेला.

"मी बघत नाही," बाबा म्हणाले. "मला बघायची गरजच नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा. खाली, तुमच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात एक तारा आहे. आहे?"

"आहे," गच्ची म्हणाली.

"गोल आहे?"

"नाही."

"कसा असेल? त्याला शेपूट फुटलंय. ते शेपूट कोपऱ्याकडे ताणलंय. बरोबर? आता वर बघा, डाव्या हाताला. लालसर, टपोरा, गोल. ते माझे गुरू. त्यांना कोण ओढणार?"

लोक पडद्याकडे बघत, मग बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत आणि हात जोडत. एका म्हाताऱ्याने तर स्वतःचेच गाल थोपटून घेतले.

"आत्मा वर निघतो तेव्हा हलका असतो," बाबांनी आवाज खाली आणला. "पण घरातलं कोणीतरी त्याचं बोट सोडत नाही. मग तो ताणला जातो. विज्ञान याला ताण म्हणतं, आम्ही ओढ म्हणतो. गोष्ट एकच."

विज्ञान असलं काहीही म्हणत नाही. पण विज्ञान बिचारं त्या गच्चीवर आलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपत होतं.

पहिल्या रांगेत, आईला खेटून, दातांची डॉक्टर बसली होती. तिनेही हात जोडले होते. जोडलेल्या हातांच्या आड तिने दात इतके आवळून धरले होते, की दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर तिनेच त्याला झापलं असतं.

तो कोपऱ्यातला निळसर तारा म्हणे तिचा दादा होता.

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलायची आणि रात्री स्वतःच्या गच्चीवर जाऊन आकाशाचे फोटो काढायचे, एवढीच त्याची चैन. ही दुर्बीण त्याचीच आणि कॅमेराही त्याचाच. एक दिवस गिऱ्हाइकाला "आता नीट दिसतंय का?" असं विचारता विचारता तो काउंटरमागे कोसळला आणि परत उठला नाही. आई वेडीपिशी झाली. कोणीतरी तिला बाबांकडे आणलं. मुलाची आठवण चांगल्या कामी लागेल म्हणून तिने त्याची दुर्बीण बाबांच्या पायाशी ठेवली. त्याआधी बाबा तळहात बघून भविष्य सांगायचे आणि त्यांच्यापुढे जेमतेम पंधरा माणसं बसायची. दुर्बीण आली आणि बाबांना आकाश सापडलं.

बाबांनी आईला तिच्याच मुलाच्या कॅमेऱ्यातून तिचाच मुलगा दाखवला. बांधलेला, ताणलेला. "याला घरातली एक बाई ओढते आहे," भरल्या गच्चीसमोर ते म्हणाले. "मी नाव घेणार नाही. आईचं मन जाणतं."

घरात बायका तीन. आई, डॉक्टर आणि वहिनी. आईने हात लांब करून वहिनीकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी डॉक्टर तिथेच होती. शे-दोनशे माणसांच्या माना वहिनीकडे वळताना तिने पाहिल्या. वहिनीने पदर चाचपला, इकडेतिकडे बघितलं आणि कुणी जागा विचारल्यावर सरकावं तशी ती नुसती बाजूला सरकली. तेव्हापासून आईने तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. शेजारणी तिला बघून दार लोटून घेत होत्या. दुकान ती एकटी चालवत होती, तर गिऱ्हाइकंही काउंटरवरचा चष्मा उचलताना तिच्या बोटांना बोट लागणार नाही याची काळजी घ्यायला लागली. आणि मग बाबांचा उपाय आला. ओढणारीने घर सोडायचं आणि जिथे तो गेला ती दुकानाची जागा दर्शन केंद्रासाठी द्यायची. म्हणजे तारा सुटेल.

जागा बाजारपेठेच्या तोंडावरची होती, हे सांगायला कुठल्या आत्म्याची गरज नाही.

डॉक्टरने आईला समजावून पाहिलं नव्हतं असं नाही. तिला ते शेपूट ओळखीचं होतं. दादा जिवंत असताना त्याच्या प्रत्येक फोटोत त्याच कोपऱ्यात ते असायचं आणि तो त्याच्या नावाने बोटं मोडायचा. "आतली फोटो टिपणारी पट्टी तिरकी बसलीय," तो म्हणायचा. "केसाच्या जाडीएवढीसुद्धा नाही, पण तारे तेवढंही खपवून घेत नाहीत."

"आमच्या एक्स-रेचंही तसंच," ती म्हणाली होती. "तोंडात फिल्म तिरकी बसली की एवढासा दात हातभर लांब दिसतो."

"मग तू काय करतेस? दात कापतेस?"

दोघं पोट धरून हसली होती. तिरकेपणा काढायला दादाने कॅमेरा आणि दुर्बीण यांच्यामध्ये स्क्रूंचं एक कडंही बसवलं होतं. स्क्रू फिरवायचे तेवढे राहिले.

हे सगळं तिने आईला सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "तुला तुझ्या भावाचं दुःखच नाही. असतं तर त्याच्यात स्क्रू शोधले नसतेस."

त्या वाक्याने डॉक्टर आतून पेटली. आईवर नाही. आईच्या तोंडात ते वाक्य ज्याने घातलं त्याच्यावर. चारचौघांत जाऊन भाषण ठोकावं, असं तिला आधी वाटलं होतं. मग तिने विचार केला, भाषणाने या माणसाचं काय जाणार? ‘अहंकारी पोरगी’ म्हणून तो हसेल आणि दुसऱ्या दिवशी गच्ची आणखी भरेल. तिला त्याला खोटं ठरवायचं नव्हतंच. त्याने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या माइकवर, स्वतःला खोटं ठरवावं असं तिला हवं होतं. तिला सूड हवा होता, आणि तसं स्वतःशी म्हणायला तिला लाज वाटली नाही.

म्हणून ती भक्त झाली. महिनाभर पहिल्या रांगेत बसली, मान डोलावली, डोळे पुसले. आई सुखावली, बाबा त्याहून सुखावले. शिकलेली डॉक्टर शरण आली म्हणून बाबांनी तिला दोनदा उभं करून लोकांना दाखवलं. ती दरवेळी हात जोडून उभी राहिली आणि बाबांचा प्रत्येक शब्द मनात नोंदवत राहिली. त्यात तिला एक गोष्ट कळली. डोळे मिटून, पाठ करून फोटो सांगायची जी करामत होती, ती करामतच या माणसाचा कच्चा दुवा होती. ते खरोखरच कधी बघत नसत. बघायची गरज नव्हतीच. दादाचा तारा दाखवायचा असला की त्याच दोन ताऱ्यांवर दुर्बीण लावायची, एक वर डावीकडे, एक खाली उजवीकडे, आणि शेपूट तर त्या कोपऱ्यात घर करून बसलेलंच होतं.

आज वहिनीने दुकानाची किल्ली द्यायची होती. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, पायाशी बॅग. आईने ती बॅग सकाळीच भरून दारात ठेवली होती.

"ओढणारी आली आहे," बाबा म्हणाले. "किल्ली घेऊन आली आहे. आज हा तारा सुटायला लागेल."

डॉक्टर उठून उभी राहिली. "बाबा, एक मागणं आहे."

"बोल, मुली."

"दुर्बीण माझ्या दादाची. किल्ली द्यायच्या आधी एकदा तिला हात लावू द्या. मग तुम्ही शेवटचं एकदा सांगा, सगळ्यांसमोर, तो ताणलेला आहे का. तुमच्या तोंडून ऐकलं की मी वहिनीचा हात धरून स्वतः तिला खाली सोडून येते."

आईने तिचा हात कुरवाळला. बाबांच्या चेहऱ्यावर तूप ओघळल्यासारखं हसू आलं. असा देखावा कोण सोडेल?

"लाव," ते म्हणाले. "भाऊ आहे तुझा."

डॉक्टर दुर्बिणीपाशी गेली. कपाळ टेकल्यासारखं करून तिने कॅमेरा धरून ठेवणारी कळ सैल केली, कॅमेरा अर्धा फेरा फिरवला आणि कळ घट्ट केली. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालून, न दिसणाऱ्या जागी काम करणाऱ्या बाईला तेवढं अंधारात जमलं. दुर्बीण जागची हलली नाही. व्हिडिओवाला लॅपटॉपमध्ये डोकं घालून होता.

"घ्या फोटो," ती म्हणाली आणि जिन्याजवळ जाऊन वहिनीशेजारी उभी राहिली.

"वन्सं, तुम्हीसुद्धा?" वहिनी पुटपुटली. एवढ्या दिवसांत तिने तक्रारीचा काढलेला हा पहिला शब्द होता.

"पाचच मिनिटं थांब," डॉक्टर म्हणाली.

पडद्यावर फोटो उमटला. बाबांनी डोळे मिटून मान वर केली. हात पसरले. नेहमीपेक्षा जरा जास्तच पसरले.

"खाली उजव्या कोपऱ्यातला तारा. शेपूट आहे?"

"आहे," गच्ची म्हणाली. काही आवाज मात्र जरा चाचरले.

"असणारच. हा जीव बांधलेला आहे. याच्या घरात पाप आहे. याला ओढणारी बाई वर तोंड करून तुमच्यात उभी आहे. या जिवाला आयुष्यभर स्वार्थाशिवाय काही सुचलं नाही, म्हणून तर तो इतका जड झाला. बघा त्याचं शेपूट, कसं लाजेने मान खाली घालून..."

"बाबा," व्हिडिओवाला हळूच म्हणाला.

"मधे बोलू नकोस. हा तारा सुटणार नाही. याच्या घराण्यावर थुंकलं तरी..."

"अहो बाबा, तो लाल आहे."

बाबांनी डोळे उघडले आणि इतक्या दिवसांत प्रथमच मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

खाली उजव्या कोपऱ्यात त्यांचे गुरू होते. लालसर, टपोरे आणि चांगलं बोटभर शेपूट फुटलेले. वर डावीकडे, गुरूंच्या रोजच्या जागी, निळसर तारा निवांत बसला होता. लिमलेटच्या गोळीसारखा गोल.

डॉक्टरला इतका आनंद झाला की तिने वहिनीचा हात घट्ट दाबला. मग ती चालत पुढे आली. घाई तिला नव्हतीच.

"बाबा, आपल्या गुरूंना कोण ओढतंय?"

बाबांनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"घरातलंच कोणीतरी असेल ना? तुम्हीच सांगता. मी नाव घेणार नाही. तुमचं मन जाणत असेल."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"हे... हे तंत्र बिघडलंय," बाबा माइकवरच म्हणाले. "कॅमेऱ्यात दोष आहे. तारा गोलच आहे. हा कॅमेरा चुकीचं दाखवतो."

"मोठ्याने सांगा. मागे ऐकू गेलं नाही."

"कॅमेऱ्यात दोष आहे म्हणून सांगतोय ना. गुरूंना शेपूट असूच शकत नाही. त्या कोपऱ्यात जे जाईल ते..."

बाबा थांबले. पण वाक्य माइकमधून निघून गेलं होतं आणि भोंग्यातून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं होतं.

"त्या कोपऱ्यात जे जाईल ते लांबट दिसतं," डॉक्टरने वाक्य पुरं केलं. "माझ्या दादाला हे माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं, हे आता सगळ्यांना कळलं."

मग तिने लोकांना समजावलं, रोग्याला दाढ दाखवून सांगतात तसं, सोप्या शब्दांत. मी फक्त कॅमेरा अर्धा फेरा फिरवला. आकाश आहे तिथेच आहे. शेपूट ताऱ्याचं असतं तर ते ताऱ्याबरोबर वरच्या कोपऱ्यात गेलं असतं. ते गेलं नाही. कोपऱ्यातच राहिलं आणि जो तारा तिथे आला त्याला चिकटलं. कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणारी पट्टी असते, ती एका अंगाला किंचित कललेली आहे. त्या अंगाला तारे नीट टिपले जात नाहीत, ताणले जातात. उद्या या कोपऱ्यात गल्लीतला दिवा आणलात तर तोही ताणला जाईल, आणि दिव्याला काही सून नसते.

"मग सुटतात ते तारे?" एक शिंपीण उठली. "माझे वडील सुटले. भावाशी बोलणं टाकलं तेव्हा सुटले. गोल झालेले मी माझ्या डोळ्यांनी बघितले."

डॉक्टरने व्हिडिओवाल्याकडे पाहिलं. सगळी गच्चीच त्याच्याकडे बघत होती. त्याने एकदा बाबांकडे, एकदा जिन्याकडे पाहिलं. जिन्यात वहिनी उभी होती आणि बाजूला व्हायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"मुक्ती द्यायची असली की तो तारा फोटोच्या मधोमध घ्यायचा," तो म्हणाला. "मधे सगळेच गोल येतात. मला तसंच सांगितलेलं होतं."

शिंपीण खाली बसली. तेव्हापासून तिने भावाच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

डॉक्टरने पर्समधून स्क्रूची बारीक चावी काढली. कॅमेरा नीट करायची आता काही गरज नव्हती. पण तिला ते बाबांच्या देखत करायचं होतं. एक स्क्रू किंचित सैल केला, समोरचा किंचित आवळला. फोटो. शेपूट वाढलं, म्हणजे उलटं फिरवायचं. पुन्हा फोटो. शेपूट आखूड झालं. पुन्हा थोडं. लोक आता पडद्याकडे नाही, तिच्या हाताकडे बघत होते. हळूहळू कोपऱ्यातला लाल तारा गोल झाला, त्याच्या आजूबाजूचे बारीक तारे गोल झाले. चारही कोपरे स्वच्छ झाले.

"झाले सगळे मुक्त," ती म्हणाली. "कुणाला घराबाहेर काढावं लागलं नाही."

आता गच्ची तापली. बाबा झगा सावरत उठले तसे चार-पाच जण वाटेत उभे राहिले. कुणी बायको टाकली होती, कुणी म्हाताऱ्या बापाला माडीवर कोंडलं होतं, सगळं कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावरून. एकाने बाबांच्या झग्याचा गळा धरला. डॉक्टरने त्याचा हात सोडवला. दया आली म्हणून नाही.

"मारू नका. मार खाल्ला की उद्या हा हुतात्मा होईल आणि दुसऱ्या गावात गच्ची भाड्याने घेईल. माइक द्या त्याच्या हातात. ज्याच्या ज्याच्या घरात याने बोट दाखवायला लावलं, त्या एकेकाला उभं राहून सांगू दे की मी खोटं बोललो. सगळ्यांचं झाल्याशिवाय जिना उतरायचा नाही. मग पोलीस आहेतच."

आणि आकाशबाबांना ते करावं लागलं. एकेक कुटुंब पुढे येत होतं. पहिल्याला ते अडखळत बोलले, दहाव्यापर्यंत घसा बसला. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसली होती. कुणाला बाबांचा आवाज बारीक वाटला की ती म्हणायची, "पुन्हा. नीट ऐकू आलं नाही." त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली.

शेवटी आई उठली. तिने बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. ती जिन्याशी गेली, वहिनीची बॅग उचलली आणि म्हणाली, "चल घरी, पोरी. झालं गेलं विसरून जा."

वहिनीने बॅग तिच्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली.

"नाही आई. बोट तुम्ही सगळ्यांसमोर दाखवलं होतं."

"मला त्याने फसवलं गं."

"फोटो त्याने दाखवला. बोट तुमचं होतं."

आईने मान खाली घातली. मग ती पडद्यापर्यंत चालत गेली. बाबांनी माइक पुढे केला तो तिने हिसकावून घेतला.

"माझ्या मुलाला कुणी ओढलं नव्हतं," ती म्हणाली. "त्याचं हृदय बंद पडलं. तो गेला. मला ते सोसवेना, म्हणून मी दोष द्यायला माणूस शोधला आणि या घरात माझ्याइतकंच जी रडत होती तिलाच धरलं. चूक माझी आहे. ऐकलं का सगळ्यांनी?"

माइक तिच्या हातातून निसटायला लागला. वहिनी आली आणि तिने तो धरून ठेवला.

वाचकहो, दुःख झालं की माणूस कारण विचारतो, ते विचारणं चूक नाही. पण कुणी आभाळाकडे दाखवून तुमच्या घरातल्या माणसावर बोट ठेवायला सांगितलं, तर बोट उचलायच्या आधी त्याच्या हातातलं यंत्र एकदा फिरवून बघा. जो खरं सांगतो तो तुम्हाला फिरवू देईल, शेजारी उभा राहून काय होतं ते बघेलही. जो हात लावू देत नाही, त्याच्यापुढून उठा, आणि उठताना तुमच्या सुनेला, भावाला, म्हाताऱ्या बापाला सोबत घेऊन घरी जा.